आधी काय, मग काय: कोरियन वाक्यात क्रियांचा क्रम लावताना

"हात धुऊन जेव" आणि "सफरचंद धुऊन खा". मराठीत दोन्ही वाक्यांत एकच 'धुऊन' आहे आणि तो आपल्याला कधी खटकत नाही. कोरियनमध्ये मात्र हाताचं धुऊन वेगळं आणि सफरचंदाचं धुऊन वेगळं. हात धुऊन जेवायचं असेल तर 'श्शित्को', सफरचंद धुऊन खायचं असेल तर 'श्शिसॉसॉ'. इथे अदलाबदल झाली तर ऐकणारा क्षणभर थबकतो, कारण 'हात श्शिसॉसॉ' म्हटल्यावर त्याला वाटतं की हात धुतले म्हणून पुढे काहीतरी झालं, किंवा धुतलेल्या हाताचंच काहीतरी करायचं आहे.

क्रियांचा क्रम दाखवणारी कोरियन रूपं वीसेक तरी भरतील. बहुतेक जण ती इंग्रजीतून शिकतात, आणि तिथे प्रत्येक रूपासमोर 'नंतर', 'आणि मग' असे तेच ते अर्थ लिहिलेले असतात. मराठी माणसाला हा वळसा घेण्याची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. जेवून, जेवल्यावर, जेवण्याआधी, जेवताच, जेवता जेवता, जेवून झाल्यावर, जेवत: ही सगळी रूपं आपण रोज वापरतो आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला कोरियनमध्ये जोडीदार आहे. रचनाही तीच: क्रियापद शेवटी, आणि आधीच्या क्रियेच्या मुळाला शेपूट. अडचण प्रामुख्याने एका ठिकाणी येते, ती म्हणजे आपला 'ऊन'. म्हणून या लेखात सर्वांत जास्त वेळ त्याच्यावर देणार आहे.

वाचण्याआधी उच्चारांबद्दल

इथे सगळी कोरियन वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ऱ्हस्व 'उ' म्हणजे ओठ न गोल करता, दात किंचित मिटून काढलेला स्वर. दीर्घ 'ऊ' म्हणजे आपला नेहमीचा गोल ओठांचा. 'ऑ' आणि 'ओ' हे दोन वेगळे स्वर आहेत आणि त्यांत गोंधळ झाला तर शब्दच बदलतो. 'ज' आणि 'छ' नेहमी तालव्य, म्हणजे 'जन्म'मधला ज, 'जहाज'मधला नव्हे. शब्दाच्या सुरुवातीचे ग, द, ब, ज कोरियन तोंडून थोडे क, त, प, च यांच्याकडे झुकलेले ऐकू येतात. सोयीसाठी मी सगळीकडे मृदूच लिहिले आहेत. ही देवनागरी फक्त या लेखापुरती. हांगुल लिपी सेजोंग राजाने 1443 मध्ये तयार केली आणि 1446 मध्ये जाहीर केली, ती लोकांना पटकन शिकता यावी म्हणूनच. वहीत सराव करताना मात्र हांगुलमध्येच लिहा.

आणखी एक गोष्ट. क्रियापदाचं मूळ काढायचं असेल तर शब्दकोशातल्या रूपातला शेवटचा 'दा' काढून टाकायचा. 'मॉक्दा' म्हणजे खाणे, मूळ 'मॉक'. 'गादा' म्हणजे जाणे, मूळ 'गा'. 'हादा' म्हणजे करणे, मूळ 'हा'.

पहिली पायरी: साधा 'गो'

मुळाला सरळ 'गो' जोडा. स्वर पाहायचा नाही, व्यंजन पाहायचं नाही.

"सोनुल श्शित्को बाबुल मॉगॉयो." हात धुऊन जेवतो.
"सूक्जेरुल हागो जास्सॉयो." गृहपाठ करून झोपले.

दुसऱ्या वाक्यात भूतकाळ फक्त 'जास्सॉयो'मध्ये, म्हणजे शेवटच्या क्रियापदात आहे. 'हागो' काळाबद्दल काहीच बोलत नाही. मराठीतलं 'करून'ही असंच आहे: "करून झोपले" आणि "करून झोपेन", दोन्हीकडे 'करून' तेच. मराठी मनाला हे सहज पचतं. तरीही आपण कोरियन लिहायला बसलो की पहिल्या क्रियेलाही भूतकाळ लावण्याचा मोह होतो. तो टाळा. आदराचंही जवळपास असंच. "जेवून ये" आणि "जेवून या" यांत 'जेवून' बदलत नाही. कोरियनमध्येही वाक्याची अदब मुख्यतः शेवटच्या क्रियापदावर ठरते.

'गो' नुसती यादी करण्यासाठीही वापरतात: कॉफी प्यायले आणि पावही खाल्ला. यादी की क्रम, हे ओळखायचं असेल तर दोन्ही भागांची अदलाबदल करून पाहा. अर्थ बदलला नाही तर यादी, बदलला तर क्रम. यादीच्या 'गो'आधी भूतकाळ येऊ शकतो, क्रमाच्या 'गो'आधी येत नाही.

'गो'च्या दोन बाजूंना वेगवेगळे कर्ते चालतात. "सूऑबी क्कुन्नागो हाक्सेंगदुरी नागास्सॉयो": तास संपला आणि विद्यार्थी बाहेर गेले. तास संपतो, विद्यार्थी जातात, एकाच्या मागून दुसरं. 'गो' त्यापलीकडे काही सांगत नाही, आणि तेच त्याचं काम आहे.

कोरियन म्हणीत हा 'गो' ऐकायला मिळतो: "सो इल्खो वेयांगक्कान गोछिन्दा." गाय हरवते, मग गोठा दुरुस्त करतात. आपल्याकडे "बैल गेला आणि झोपा केला" म्हणतात, तेच. 'इल्खो' म्हणजे 'इल्दा' (हरवणे) अधिक 'गो', मुळाच्या शेवटी हांगुलमध्ये असलेल्या ह-कारामुळे 'खो' झालेला. एवढी एक म्हण पाठ केली तरी 'गो'चा क्रम डोक्यात पक्का बसतो.

दुसरी पायरी: 'आसॉ', म्हणजे दोन क्रियांमधली गाठ

मुळातला शेवटचा स्वर 'आ' किंवा 'ओ' असेल तर 'आसॉ', बाकी कोणताही असेल तर 'ऑसॉ', आणि 'हादा'चं 'हेसॉ'. गादा → गासॉ, मान्नादा (भेटणे) → मान्नासॉ, मान्दुल्दा (बनवणे) → मान्दुरॉसॉ.

आता सफरचंदाकडे परत या. "साग्वारुल श्शिसॉसॉ मॉगॉस्सॉयो": सफरचंद धुऊन खाल्लं. जे धुतलं तेच खाल्लं. पहिल्या क्रियेतून जे हाती आलं ते दुसऱ्या क्रियेत वापरलं गेलं, म्हणून 'आसॉ'. हात धुतले पण खाल्ला भात, म्हणजे धुतलेली वस्तू पुढच्या क्रियेत आलीच नाही, म्हणून 'गो'.

हाच फरक सगळीकडे लावून पाहा.

"छिन्गूरुल मान्नासॉ यॉंगह्वारुल ब्वास्सॉयो." मैत्रिणीला भेटून, तिच्यासोबत सिनेमा पाहिला.
"छिन्गूरुल मान्नागो यॉंगह्वारुल ब्वास्सॉयो." मैत्रिणीला भेटले, आणि नंतर सिनेमा पाहिला, ती सोबत असेलच असं नाही.

"दोसॉग्वाने गासॉ छेगुल इल्गॉस्सॉयो." वाचनालयात जाऊन पुस्तक वाचलं, तिथेच. इथे 'गागो' वापरलं तर वाचनालयात जाणं आणि पुस्तक वाचणं ही सुटी सुटी कामं वाटतात.

मी शिकवताना एकच प्रश्न विचारायला सांगते: पहिल्या क्रियेतलं काहीतरी, म्हणजे वस्तू, माणूस किंवा ठिकाण, दुसऱ्या क्रियेत जिवंत आहे का? असेल तर 'आसॉ'. नसेल तर 'गो'. मराठी 'ऊन' हा प्रश्न विचारत नाही, म्हणून तो आपल्याला मुद्दाम विचारावा लागतो. सुरुवातीचे काही आठवडे प्रत्येक वाक्याआधी स्वतःला विचारा. नंतर तो आपोआप विचारला जातो.

'आसॉ'चा एक कडक नियम: क्रम सांगताना दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असला पाहिजे. गाठ एकाच माणसाच्या हातून मारली जाते. कर्ते वेगळे असतील तर 'गो'कडे वळा, किंवा पुढे येणाऱ्या 'हूए'कडे.

दुसरा मुद्दा नकाराचा. "नाश्ता न करता गेले" म्हणायचं असेल तर "आछिमुल आन मॉक्को गास्सॉयो", म्हणजे 'गो'. त्याच ठिकाणी 'आन मॉगॉसॉ' वापरलं तर अर्थ होतो 'खाल्लं नाही म्हणून'. कारण 'आसॉ'चा दुसरा व्यवसाय कारण सांगण्याचा आहे: "नुजॉसॉ मियान्हेयो", उशीर झाला म्हणून माफ करा. हे आपल्याला परकं वाटायला नको. "पावसात भिजून सर्दी झाली" यात आपला 'ऊन'ही कारणच सांगतो, आणि कोरियन वाक्य अगदी त्याच साच्यात बसतं: "बीरुल माजासॉ गामगीए गॉल्ल्यॉस्सॉयो". क्रम की कारण हे ओळखण्याची एक खूण आहे: कारणाच्या 'आसॉ'नंतर आज्ञा किंवा 'चला करू या' येत नाही. क्रमाच्या 'आसॉ'नंतर बिनधास्त येते: "आन्जासॉ गिदारिसेयो", बसून वाट पाहा.

नेसून, बसून, उभं राहून

इथे एक कोपरा आहे जिथे वरचा प्रश्न अपुरा पडतो. "हानबोगुल इप्को गास्सॉयो": हानबोक (कोरियन पारंपरिक पोशाख) घालून गेली. "जिहाछॉरुल थागो ह्वेसाए गायो": मेट्रोने ऑफिसला जाते. कपडे तर पुढच्या क्रियेतही अंगावर आहेत, मेट्रोही चालूच आहे, मग 'आसॉ' का नाही?

अंगावर घालणं, पायात घालणं, डोक्यावर घेणं, हातात धरणं, वाहनात बसणं: काहीतरी आपल्यावर किंवा आपल्यासोबत घेऊन त्या अवस्थेतच पुढची क्रिया करायची असेल तर 'गो'. या क्रियापदांना कर्म असतं, ते 'उल' किंवा 'रुल' लावून येतं. याउलट शरीरच हललं, म्हणजे बसलो, उठलो, उभे राहिलो, आडवे झालो, गेलो, आलो, तर 'आसॉ': आन्जासॉ, इरॉनासॉ, सॉसॉ, नूवॉसॉ, गासॉ, वासॉ. ही सहा रूपं आणि पाच 'गो' (इप्को, शिन्क्को, स्सुगो, दुल्गो, थागो) एकत्र पाठ करून टाका. तर्काने शोधत बसण्यापेक्षा दहा-अकरा शब्द पाठ करणं सोपं.

तिसरी पायरी: जेवून झाल्यावर

'गो'च्या पुढे 'नासॉ' आला की अर्थ होतो: पहिलं काम पूर्ण झालं, आणि मगच दुसरं. "यॉंगह्वारुल बोगो नासॉ जॉन्यॉगुल मॉगॉस्सॉयो": सिनेमा पाहून झाल्यावर रात्रीचं जेवलो. मराठी रचना पाहा: पाहून + झाल्यावर, बोगो + नासॉ. तुकड्याला तुकडा जुळतो. मला कोरियन शिकताना सर्वांत आधी आनंद झाला तो हे लक्षात आल्यावर.

'गो नासॉ' फक्त कृतीच्या क्रियापदांना लागतो, 'सुंदर असणे', 'थंड असणे' यांना नाही. कर्ते वेगळे चालतात: "सोन्निमदुरी गागो नासॉ छॉंगसोहेस्सॉयो", पाहुणे गेल्यावर साफसफाई केली.

चौथी पायरी: आधी आणि नंतर

'आधी'साठी मुळाला 'गी' लावून पुढे 'जॉने'. "जागी जॉने इरुल दाक्कायो": झोपण्याआधी दात घासते. 'गी' म्हणजे आपला 'णे', 'जॉने' म्हणजे आधी. झोपणे + आधी.

'नंतर'साठी मुळाला 'न' किंवा 'उन' आणि पुढे 'हूए'. स्वरान्त मुळाला 'न': गान हूए, गेल्यानंतर. व्यंजनान्त मुळाला 'उन': मॉगुन हूए, जेवल्यानंतर. मूळ 'ल'ने संपत असेल तर तो गळतो: मान्दुल्दा → मान्दुन हूए.

आता दोन्ही शेजारी ठेवा: 'गी'मध्ये काळ नाही, 'न/उन'मध्ये झालेपण आहे. मराठीतही "जेवण्याआधी" आणि "जेवल्यानंतर" म्हणतो. "जेवल्याआधी" म्हणत नाही आणि "जेवण्यानंतर"ही खटकतं. घडायच्या गोष्टीला 'णे', घडून गेलेल्या गोष्टीला 'ल्या'. कोरियन तेच करते. म्हणून 'वात्गी जॉने' (आलो-आधी) किंवा 'मॉंगनुन हूए' अशी रूपं कधीच होत नाहीत. शंका आली तर मराठीत म्हणून पाहा, कान लगेच सांगेल.

नामाला ही दोन्ही सरळ लागतात: 'शिक्सा जॉने', जेवणापूर्वी; 'सूऑप हूए', तासानंतर. आणि 'साम न्यॉन जॉने' म्हणजे तीन वर्षांपूर्वी. इथेही मराठी 'पूर्वी' दोन्ही कामं करतो.

कोरियन घरात हे जोडपं रोजच्या शिष्टाचारात जिवंत आहे. मॉक्की जॉने, म्हणजे जेवायला सुरुवात करण्याआधी, "जाल मॉक्केत्सुम्निदा" म्हणतात, आनंदाने जेवेन. मॉगुन हूए, म्हणजे जेवल्यावर, "जाल मॉगॉत्सुम्निदा", छान जेवलो. दोन वाक्यांत फरक फक्त काळाचा. हे वाचून सोडून देऊ नका, ताटावर बसल्यावर म्हणा.

'हूए'ऐवजी 'दाउमे' आणि 'द्वीए'ही चालतात. बोलण्यात 'दाउमे' जास्त, लेखी आणि औपचारिक ठिकाणी 'हूए' जास्त. 'हू' हा चिनी मूळाचा शब्द, आणि तो म्हणीतही बसला आहे: "गुमगांगसान्दो शिखूग्यॉंग." गुमगांगसान हा उत्तर कोरियातला सौंदर्यासाठी नावाजलेला डोंगर, तोही पाहायचा तर जेवण झाल्यावर. "आधी पोटोबा, मग विठोबा" म्हणणाऱ्याला ही म्हण वेगळी समजावून सांगावी लागत नाही. 'शिखू' म्हणजे जेवणानंतर; औषधाच्या पुडीवर "शिखू साम्शिप बून" दिसलं तर जेवणानंतर तीस मिनिटांनी घ्यायचं.

पाचवी पायरी: आल्या आल्या

मुळाला 'जामाजा' लावा, काळ नाही, स्वर-व्यंजन भेद नाही. "जीबे ओजामाजा जास्सॉयो": घरी आल्या आल्या झोपले. कर्ते एक असोत वा वेगळे, दोन्ही चालतं.

याचा नातलग म्हणजे 'नुन देरो'. "दोछाखानुन देरो जॉन्ह्वाहासेयो": पोहोचलात की लगेच फोन करा. हा ठरवून केलेल्या, अपेक्षित गोष्टींसाठी. अचानक घडलेल्या गोष्टीला तो लागत नाही: घराबाहेर पडताच पाऊस आला, हे 'जामाजा'नेच सांगायचं, 'नुन देरो'ने नाही. पाऊस कुणाचा बेत नव्हता. पुण्याजवळ रांजणगाव, तळेगाव भागात कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. तिथे काम करणाऱ्यांना ईमेलसाठी एक वाक्य लगेच उपयोगी पडेल: "ह्वागिनहानुन देरो यॉल्लाक्दुरिगेत्सुम्निदा", खात्री करून घेतली की लगेच कळवतो.

नुसता 'जा' लेखी भाषेत येतो आणि त्यानंतर आज्ञा येत नाही. एक म्हण मात्र सगळ्यांच्या तोंडी आहे: "क्कामाग्वी नालजा बे त्तॉरॉजिन्दा." कावळा उडताच नाशपती पडते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला! दोन दूरच्या भाषांनी योगायोगासाठी कावळाच निवडावा, हे मला फार आवडतं. आपला कावळा बसतो, त्यांचा उडतो, एवढाच फरक. कोरियन म्हणीचा रोख मात्र थोडा वेगळा आहे: योगायोगाने आळ येणं, संशय येणं, यावर तिचा भर असतो.

सहावी पायरी: जाता जाता, आणि जाऊन

'दागा' म्हणजे एक क्रिया चालू असताना मध्येच दुसरी आली. "हाक्क्योए गादागा छिन्गूरुल मान्नास्सॉयो": शाळेत जाता जाता मैत्रीण भेटली. पहिली क्रिया तिथे थांबते किंवा तिला फाटा फुटतो. कर्ता दोन्हीकडे एकच.

आता काळ लावून पाहा. 'गादागा'मध्ये जाणं अपुरं आहे. 'गात्तागा'मध्ये जाणं पूर्ण झालं आणि मग उलट क्रिया झाली. "गादागा वास्सॉयो": जाता जाता अर्ध्या वाटेतून परत आले. "गात्तागा वास्सॉयो": जाऊन आले. पहिल्या भागाला भूतकाळ लावता येतो आणि त्याने अर्थ बदलतो, अशी उदाहरणं या लेखात दोनच आहेत, त्यातलं हे एक. म्हणून हे नीट घोटा.

घरातून निघताना कोरियन लोक 'जातो' म्हणत नाहीत. घरच्यांना "गात्ता ओल्केयो" म्हणतात, अधिक अदबीने "दान्यॉओगेत्सुम्निदा": जाऊन येतो. आपणही दारात "येतो हं" म्हणतो, 'जातो' म्हणत नाही. मोठी माणसं लगेच टोकतात. 'गात्ता' हा तोच 'गात्तागा', शेवटचा 'गा' गाळून. रोज घरातून बाहेर पडताना हे एक वाक्य म्हटलं तर हे व्याकरण विसरणं अशक्य.

सातवी पायरी: एकाच वेळी

क्रम म्हणजे नुसतं आधी-नंतर नाही, सोबतही येतं. "उमागुल दुरुम्यॉन्सॉ गॉरॉयो": गाणी ऐकत चालते. 'म्यॉन्सॉ' म्हणजे आपला 'त' किंवा 'ताना', पण कर्ता एकच हवा. कर्ते दोन असतील तर 'नुन दोंगान': "नेगा योरिहानुन दोंगान दोंगसेंगी छॉंगसोहेस्सॉयो", मी स्वयंपाक करत असताना धाकट्या भावाने साफसफाई केली.

'तेव्हा'साठी 'ल त्ते'. आणि इथे काळ बदलला की अर्थ बदलणारी दुसरी जागा आहे. "हानगूगे गाल त्ते बिहेंगगीएसॉ जास्सॉयो": कोरियाला जाताना विमानात झोपले. "हानगूगे गास्सुल त्ते गिम्छीरुल मानी मॉगॉस्सॉयो": कोरियाला गेले होते तेव्हा खूप किमची खाल्ली. 'गाल त्ते' वाटेवरचं, 'गास्सुल त्ते' पोहोचल्यावरचं. किमचीच्या वाक्यात 'गाल त्ते' म्हटलंत तर ती विमानात खाल्ली असं होईल.

कोरियन शिकायला लागून किती काळ झाला, हे पहिल्या ओळखीत सगळेच विचारतात. "दोन वर्षं झाली" असं उत्तर द्यायचं तर: "हानगूगॉरुल बेऊन जी इ न्यॉन द्वेस्सॉयो." 'बेऊन' दिसायला मराठी 'ऊन'सारखा आहे, पण तो 'बेऊदा' (शिकणे) अधिक झालेपणाचा 'न' आहे. 'जी' लिहिताना आधीच्या शब्दापासून सुटा लिहायचा. जोडून लिहिलात तर तो 'की नाही' अर्थाचा वेगळा प्रत्यय होतो. 'द्वेस्सॉयो' म्हणजे 'झाली'.

रामयॉन करताना सगळं एकत्र

रामयॉन म्हणजे कोरियन इन्स्टंट नूडल्स: एक पाकीट, साधारण 550 मिली पाणी, चार-पाच मिनिटं. बऱ्याच पाकिटांवर असंच काहीसं लिहिलेलं असतं. आता गॅसजवळ उभं राहून मोठ्याने म्हणा.

"नेम्बीए मूरुल नॉखो क्कुर्यॉयो." भांड्यात पाणी घालून उकळते. पाणी तेच, तरी इथे 'गो' चालतो: भर नुसत्या क्रमावर, एकामागून एक काम.
"मूरी क्कुरुन हूए म्यॉनहागो सुफुरुल नॉऑयो." पाणी उकळल्यावर नूडल्स आणि मसाला घालते. कर्ते वेगळे, आधी पाणी, मग मी. 'आसॉ' इथे चालणारच नाही.
"म्यॉनी इङ्नुन दोंगान फारुल स्सॉरॉयो." नूडल्स शिजत असताना कांद्याची पात चिरते.
"बूरुल क्कुगी जॉने गेरानुल नॉऑयो." गॅस बंद करण्याआधी अंडं घालते.
"गुरुसे दामासॉ मॉगॉयो." वाडग्यात काढून खाते. जे काढलं तेच खाल्लं, म्हणून 'आसॉ'.
"म्यॉनुल दा मॉक्को नासॉ गूङ्मूरे बाबुल मारासॉ मॉगॉयो." नूडल्स संपल्यावर उरलेल्या रश्शात भात कालवून खाते. कोरियन घरात हे सर्रास करतात. एकाच वाक्यात 'गो नासॉ' आणि 'आसॉ' दोन्ही: आधी नूडल्स पूर्ण संपल्या, मग कालवलेला भात खाल्ला.

आठवडाभर हाच सराव स्वतःच्या कामांवर करा. चहा, पोळ्या, ऑफिसची वाट, काहीही. रोज पाच वाक्यं पुरेत, पण प्रत्येक वाक्यासमोर मराठीत एक शब्द लिहा: का 'गो', का 'आसॉ'. कारण लिहिलेलं वाक्य विसरत नाही.

स्वतः करून पाहण्यासाठी

खालची वाक्यं आधी कोरियनमध्ये लिहा, मग पुढची उत्तरं पाहा. बाजारात जाऊन मासे घेतले. बूट काढून आत या. पुस्तक विकत घेऊन धाकट्या भावाला दिलं. फोन ठेवताच दाराची घंटा वाजली. झोपेतून मध्येच उठून पाणी प्यायले.

पहिलं: "शिजांगे गासॉ सेंगसॉनुल सास्सॉयो." जाण्याची जागा पुढच्या क्रियेत जिवंत आहे.

दुसरं: "शिनबारुल बॉत्को दुरॉओसेयो." काढलेले बूट आत येण्याच्या क्रियेत नाहीत, म्हणून 'गो'. कोरियन घराच्या दारात हे वाक्य पहिल्याच दिवशी ऐकू येतं.

तिसरं: "छेगुल सासॉ दोंगसेंगएगे ज्वॉस्सॉयो." घेतलं तेच दिलं. इथे 'सागो' म्हटलं तर घेतलेलं आणि दिलेलं पुस्तक एकच आहे का, अशी शंका उरते.

चौथं: "जॉन्ह्वारुल क्कुन्छामाजा छोइनजोंगी उल्ल्यॉस्सॉयो." योगायोग, म्हणून 'नुन देरो' नाही.

पाचवं: "जादागा इरॉनासॉ मूरुल माशॉस्सॉयो." झोप मध्येच तुटली म्हणून 'दागा', उठणं हा शरीराचा बदल म्हणून 'आसॉ'. मराठीत "झोपेतून उठून" म्हणताना आपण या दोन गोष्टी एका श्वासात सांगतो. कोरियनमध्ये त्या दोन प्रत्ययांनी वेगळ्या मोजून दिल्या जातात. हे वाक्य न अडखळता लिहिता आलं असेल तर या लेखात न आलेला पुढचा प्रत्यय 'दॉनी' शिकायला घ्या.